आपल्याच दारात परकी

"हेच घर," म्हणत ड्वेननं गाडी थांबवली आणि मागे बसलेली केंड्रा सीटवर आणखी खाली सरकली. हेच घर, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! सकाळी याच दारातून ती कॉलेजला गेली होती. पण तोंडानं म्हणाली, "अच्छा, मिस वांडा इथे राहतात होय?"

मिस वांडा म्हणजे तिची सख्खी आई.

अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचे गट पाडतात. सगळे विषय एकत्र, अभ्यास एकत्र, जेवणंही एकत्र. कुणी गळालं तर बाकीच्यांनी घरी जाऊन त्याला ओढून आणायचं. नवी पोरं टिकतात ती अशानं. वांडानं वृद्धाश्रमात उभी हयात म्हाताऱ्यांची अंगं पुसली होती. आता चाळिशी उलटल्यावर तिला नर्स व्हायचं होतं. तिनं नाव घातलं आणि नेमकी लेकीच्याच गटात येऊन पडली. केंड्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तू माझी कुणी नाहीस. वर्गात कुणाला कळता कामा नये," तिनं आईला बजावलं. घटस्फोटानंतर वांडा माहेरचं आडनाव लावायची, त्यामुळे निभावलंही.

गटाला मात्र वांडाचा लळा लागला; सगळे तिला आदरानं मिस वांडा म्हणत. गणितापायी मारिसोलला रडू फुटलं की ती मिस वांडांच्या शेजारी जाऊन बसे. ड्वेन पट्टीचा दांडीबहाद्दर, पण त्या रागावतील म्हणून वेळेवर येऊ लागला. केंड्राला सुरुवातीला कुणी विचारत नव्हतं, पुढे तिलाही सगळे हाका मारू लागले. स्वतःवर ती भलतीच खूश होती. आई तेवढी गळ्यातलं लोढणं.

मग गेल्या सोमवारी भर वर्गात वांडानं मागून हात घातला आणि केंड्राच्या स्वेटरचं बाहेर आलेलं लेबल आत खोचलं. नकळत. आईचा हात तो! दोघं-तिघं हसले. घरी आल्यावर केंड्रानं आकाशपाताळ एक केलं. "त्या गटात एक तर तू राहशील, नाहीतर मी!"

दुसऱ्या दिवसापासून वांडा कॉलेजात फिरकली नाही. उद्या आली नाही तर तिचं नाव कटणार होतं, आणि मग नर्स होणंही संपलंच. केंड्राला हे सगळं माहीत होतं. तरी तिनं तोंड उघडलं नव्हतं.

आज दुपारी मारिसोलनं तिचा दंडच धरला. "चल, मिस वांडांना आणायला जायचंय."

"माझं काय काम तिथे?"

"गटात आहेस ना? मग चल मुकाट्यानं."

ड्वेननं घंटा वाजवली. वांडानं दार उघडलं. हात पिठानं भरलेले. "अगंबाई! तुम्ही कसे रे इकडे..." आणि तिची नजर केंड्रावर गेली. ती थबकली. मग चटकन बाहेर येऊन तिनं पाठीमागे दार ओढून घेतलं. आत समोरच्या भिंतीवर केंड्राचे फोटो होते, पाळण्यातल्यापासूनचे. एरवी टपालवाल्यालाही खाऊ घातल्याशिवाय न सोडणारी ही बाई नोव्हेंबरच्या गारठ्यात सपातांवर पायरीवर उभी राहिली.

"घरात पसारा आहे रे फार," ती म्हणाली. मग केंड्राकडे बघून कसनुसं हसली. "आणि तू पण का गं... केंड्रा? बरं केलंस आलीस."

दार नीट लागलं नव्हतं. फटीतून बस्टर कुत्रा सुसाट आला तो थेट केंड्राच्या अंगावर. उड्या काय, चाटणं काय, शेपूट हलवणं काय! केंड्रानं दोन्ही हात खिशात घट्ट कोंबले.

"हा मेला कुणाच्याही अंगावर जातो," वांडा घाईघाईनं त्याचा पट्टा धरून ओढू लागली. "माफ कर हं बाळ... केंड्रा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं केंड्राला झालं. लबाडी तिची स्वतःची, आणि ती सावरता सावरता आईची तारांबळ. वर माफीही आईनंच मागायची. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

"नाही रे जमायचं मला," वांडा ड्वेनला सांगत होती. "या वयात डोक्यात शिरत नाही काही."

"खोटं बोलतेय ती!" केंड्राचा आवाज चिरकला. "मी नको म्हटलं म्हणून येत नाहीये. ही... ही माझी आई आहे." आणि मान खाली घालूनच ती पुढे म्हणाली, "आई, उद्या तू येते आहेस. माझ्या शेजारी बसायचं."

आता हे दोघं शेलक्या शिव्या घालतील, म्हणून ती वाट बघत राहिली. पण ड्वेन खाली बसून बस्टरची मान खाजवत होता.

"हुश्श!" मारिसोल म्हणाली. "सुटलो बाई एकदाचे."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्या गटाला."

वांडानं डोळ्यांनीच तिला दटावलं. पण मारिसोल कसली ऐकतेय!

"पहिल्या आठवड्यात तू कोपऱ्यात एकटी जेवायचीस. खरं सांगू? तुझा तोरा बघून आम्हाला तू नकोच होतीस. एके दिवशी मिस वांडा आमच्या टेबलापाशी आल्या. आम्ही सरकून त्यांना जागा केली, तर बसेचनात. म्हणाल्या, ‘ही जागा तिला द्या. माझी लेक आहे ती. मी लांब बसते.’"