खूण सांगा

बापाचा आवाज कानावर पडला आणि पोरगी हातातल्या चादरीसकट लटकवलेल्या कोटांच्या मागे शिरली. वय सतरा, पण महिना सातवा, त्यामुळे कोटांना पुढे सरकावं लागलं. लॉन्ड्रीवाल्या मावशींनी ते पाहिलं आणि काउंटरकडे वळून विचारलं, "टाकायचंय की न्यायचंय?"

"न्यायचंय," बाप म्हणाला. "माझी मुलगी इथं आहे."

पोरगी कोटांच्या मागे आणखी आत सरकली. बाळ झालं की कुणाला तरी देऊन टाकायचं, असं घरात ठरलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ते कानावर आलं त्याच दिवशी ती घरातून निघाली. आधी बस स्टँडवरच्या बाकावर झोपली, मग या लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी, कारण वाफेच्या नळीमुळे तिथली भिंत गरम असायची. एका सकाळी मावशींनी दार उघडलं, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बसायचंच असेल तर आत येऊन घड्या घालत बस."

तेव्हापासून ती घड्या घालत होती आणि कपड्यांच्या खोलीत झोपत होती. मावशींनी मायेचा शब्द म्हणून कधी काढला नाही. त्या नुसत्या बघायच्या. जेवताना बघायच्या, झोपताना बघायच्या. पोरीला त्या नजरेची धास्ती वाटे, कारण दुसऱ्याची वस्तू मावशी जीव गेला तरी ठेवून घेत नसत. खिशात राहिलेलं एक बटण परत करायला त्या भर उन्हात गिऱ्हाइकाच्या घरी गेल्या होत्या. आता तर धनीच दारात उभा होता.

"पावती?" मावशींनी विचारलं.

"पोरीची कसली पावती?"

"पावती नसेल तर खूण सांगावी लागते. इथं सगळ्यांना तोच नियम."

नियम खराच होता. पांढरे शर्ट सगळे सारखेच. पावती हरवली तर आतला डाग, उसवलेली शिवण, असं घालणाऱ्यालाच ठाऊक असलेलं काहीतरी सांगायचं. मगच शर्ट मिळे.

बापाने घसा खाकरला. "सावळी आहे. उंच आहे. आणि पोटुशी आहे."

"ते अख्ख्या गल्लीला दिसतं. घरच्यालाच माहीत असेल असं सांगा."

बापाने छताकडे पाहिलं. इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून तसाच थांबला. आतलं मशीन गरगरत होतं. बाप खरंच आठवत होता आणि त्याला काहीएक आठवत नव्हतं. पोरीला त्याची कीव आली आणि रडूही आलं.

"तुम्हाला तरी काय माहीत आहे तिचं?" बाप उखडला.

मावशी एका शर्टाला चिठ्ठी टाचत होत्या. "दिवा मालवला की तिला झोप लागत नाही. डागावर खूण करायचा खडू चोरून खाते. हल्ली खडूच्या डब्यात शेंगदाणे असतात, ते का, हे तिने अजून विचारलेलं नाही. प्रेसची वाफ सुटली की पोटातलं बाळ लाथ मारतं. तिला हसू येतं, पण आधी कुणी बघत नाही ना ते पाहते आणि मगच हसते."

कोट हलले. पोरगी बाहेर आली, काउंटरची फळी उचलून पलीकडे गेली आणि बापासमोर उभी राहिली. बापाने हात पुढे केला.

"मी येत नाही, बाबा," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं.

बापाने पुढे केलेला हात मागे घेतला. तो पायऱ्या उतरून गेला. पोरगी चादर छातीशी धरून जागच्या जागी उभी राहिली. आता कुठं जायचं असतं ते तिला कळेना.

मावशींनी मान वर केली नाही.

"तिकडे काय उभी आहेस? ती बाजू गिऱ्हाइकांची."