सीटखालचा पत्रा

रत्नाकरांनी ड्रायव्हरच्या सीटखालची चटई ओढून काढली आणि ओल्या फडक्याने पत्रा पुसला. फडक्यासकट बोट आरपार गेलं. भोकातून पोर्चची फरशी दिसू लागली.

त्यांनी सीट धरून हलवली. पुढचे दोन बोल्ट घट्ट होते. मागचे दोन मात्र गंजलेल्या पत्र्यासकट वर उचलले गेले, हलणाऱ्या दुधाच्या दातासारखे. उद्या ब्रेक जोरात लागला, तर चालवणारा सीटसकट स्टिअरिंगवर आपटणार होता.

आणि उद्या चालवणार होती मालविका, त्यांची मुलगी.

एकोणसाठ सालच्या या गाडीशी ते आठ महिने झटत होते. मडगार्ड, दारं, डिकी, सगळीकडचा गंज कापून त्यांनी नवा पत्रा जोडला होता. रेल्वेच्या कारखान्यात एकतीस वर्षं पत्र्याचंच काम केलेला माणूस. पण चारचौघांना दिसतं तिथून सुरुवात करायची हौस त्यांनाही होतीच. तळाचा पत्रा तेवढा राहिला. त्यावरचा डांबराचा लेप शाबूत होता, म्हणून खालचं लोखंडही शाबूत असेल असं त्यांनी गृहीत धरलं. दसऱ्याला याच गाडीतून गंगेपलीकडे सीमोल्लंघनाला जाणार, हे महमूरगंजपासून ब्रह्मा घाटापर्यंतच्या प्रत्येक मराठी घरात त्यांनी स्वतः सांगून ठेवलं होतं.

ते घरात गेले. देवासमोर वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, हातोड्या, पत्रा कापायच्या कात्र्या ओळीने मांडल्या होत्या. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं. खांडेनवमीची पूजा सकाळीच झाली होती.

"नंदा, मशीन जरा अर्धा तास लागेल."

नंदाबाई उंबऱ्याशी बसून तोरण ओवत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "पूजेला बसवलेली हत्यारं उठवायची? भलतंच काय! माझी विळीपण तिथंच आहे. आज नुसते बटाटे उकडलेत मी. उद्या सीमोल्लंघन करून आलो की घ्या."

"अगं, पण..."

"का हो? काही बिघडलं का?"

सांगायचं तर हीच वेळ होती.

"नाही, बिघडलं नाही. बारीकसं काम होतं."

नाक्यावर वेल्डिंगवाला होता. हाक मारली असती तर दहा मिनिटांत आला असता. पण तो आला की नंदाबाई विचारणार, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या कामातला गंज हुडकून त्यांची खरडपट्टी काढणाऱ्याला स्वतःच्या गाडीतला दिसला नाही, हे गावभर होणार. रत्नाकरांना ते सोसवलं नसतं.

पुट्टी पूजेत नव्हती. ती काही हत्यार नव्हे.

त्यांनी भोकावर तारेची जाळी दाबली. बोटांनी पुट्टी भरली आणि एका जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने सारखी केली. पुट्टी भोक झाकते, वजन पेलत नाही, हे त्यांनी कारखान्यात शेकडो वेळा लोकांना ऐकवलं होतं. ती वाळल्यावर वरून काळा रंग मारला. तासाभरात तिथे काही झालं होतं असं ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं.

संध्याकाळी मालविका बाहेरून आली. तिने मडगार्डवरून हात फिरवला.

"वाह बाबा! एकदम नई लग रही है. आतलं पण सगळं झालं ना?"

"झालं."

 

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. नंदाबाई पुढे मालविकाशेजारी बसल्या. रत्नाकर मागे बसले, बरोबर मालविकाच्या पाठीशी. त्यांनी दोन्ही हातांनी तिची सीट खालून पकडली आणि सीटवर सगळा भार टाकला.

लंका नावाच्या चौकाजवळच्या गतिरोधकावर सीटखाली काहीतरी कडकन मोडलं. बाहेर ढोल वाजत होते. पुढच्या दोघींना ऐकू गेलं नाही.

"बाबा, मेरी सीट छोड़ो ना," मालविका म्हणाली. "हलवताय तुम्ही."

"मी नाही हलवत."

"मग कोण हलवतंय?"

"मालू, हळू घे. बाजूला घे जरा."

"हळूच तर घेतेय."

नंदाबाईंना हसू फुटलं. "स्वतः बनवलेल्या गाडीत बसून रामराम म्हणायची पाळी आली बघ यांच्यावर!"

रत्नाकरांनी तोंड उघडलं. सीटखाली काय आहे ते सांगायला चार शब्द पुरले असते. त्यांना वाटलं, परत येताना सांगू. घरी पोचल्यावर सांगू. एकदा पलीकडे जाऊन आलो, की लगेच मशीन काढू. तोवर आपण धरून आहोतच की.

बोटांना रग लागली. पुट्टीचा भुगा त्यांच्या चपलांवर सांडू लागला.

सामनेघाटचा पूल आला. पुलावर चिटपाखरू नव्हतं. नदीवरचा वारा आत घुसला तशी मालविका खुशीत आली आणि तिने गिअर बदलला.

"अब देखो बाबा, तुमची गाडी कशी पळते!" ती म्हणाली. "आता हवं तर धरून बसा."