चार मीटर कमी

"किती आलं?" गल्लीतल्या सोसायटीच्या चेअरमननी चाकावर वाकून विचारलं.

"एकशे शहाण्णव," मोजणीदार म्हणाला.

गल्लीत टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. आजींच्या उंबरठ्याला टेकलेलं मोजणीचं चाक मोजणीदाराने उचललं आणि पुन्हा एकदा आकड्याकडे पाहिलं, जणू तेवढ्यात तो वाढला असता.

नियम साधा होता. नवी दफनभूमी राहत्या घरापासून दोनशे मीटर लांब हवी. तिच्या कुंपणापासून घराच्या वापरत्या दाराच्या उंबरठ्यापर्यंत, पायवाटेने मोजायचं. शहरातली जुनी दफनभूमी भरून तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून सगळ्यांना नदीपलीकडे जावं लागे, दोन बस बदलून. मोजणीदाराचे वडीलही तिकडेच होते. शहरातल्या दोन जागा आधीच नापास झाल्या होत्या. ही तिसरी आणि शेवटची. बाकी सगळी घरं नियमात बसत होती. घोडं अडलं होतं ते या एका घरापाशी.

"आजी, तुमच्या उंबरठ्याने अख्खी गल्ली वाचवली बघा," चेअरमन म्हणाले. "सकाळी उठून दारात मढी कुणी बघायची?"

आजी चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचं लक्ष चाकाकडेच होतं.

"हे पक्कं का हो? बदलत नाही?"

"परवा दहा वाजता नगरपालिकेच्या कमिटीसमोर शेवटची मोजणी आहे. तेव्हा येईल तो आकडा पक्का."

"आणि दोनशे मीटर म्हणजे माझी किती पावलं होतील?"

"चारशेच्या आसपास."

"तेवढं चालवतं मला," आजी हळूच म्हणाल्या.

मोजणीदार मनात चरफडला. म्हातारी थेट जागेवर जाऊन ठाण मांडणार तर!

चेअरमननी चौकटीवर बोट दाबलं. लाकडाचा भुगा खाली पडला. "अहो, हिला तर वाळवी लागलीय. परवा साहेब म्हणायचे, हे दार वापरातच नाही. उद्या माझा गवंडी पाठवतो. विटा, सिमेंट सगळं माझ्याकडून. तुम्ही फक्त त्याला काय हवं ते सांगा."

"देवानेच सुचवलं तुम्हाला," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मोजणीदाराचं ऑफिसात बूड टिकेना. नकाशा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आकडा तोच. शेवटी छत्री विसरल्याचं निमित्त करून तो आजींकडे गेला. छत्री त्याच्या टेबलाखालीच होती.

आजींनी काही न विचारता चहा टाकला. स्वयंपाकघर पुढच्याच बाजूला होतं. ओट्यासमोर खिडकी, आणि खिडकीतून ती मोकळी जागा लख्ख दिसत होती.

"इथे कालपर्यंत झाडाची फांदी होती ना?"

"तोडून घेतली. समोरचं काही दिसायचं नाही."

पहाराही सुरू झाला म्हणायचा. मोजणीदाराने घसा खाकरला. "आजी, एक बोलू? तुमच्या घरातलंच कुणी उद्या..."

"हळू बोला. हे आत झोपलेत."

"बरं नाही का आजोबांना?"

"डॉक्टरांनी येणं थांबवलंय."

तो ओशाळला. पण चूप बसण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता. "वडील गेल्यावर आई नदीपलीकडे एकदाच जाऊ शकली. गुडघे साथ देत नाहीत. रोज विचारते, तिथे सावली आहे का रे."

"एकदाच?"

"एकदाच."

आजी चहा ढवळत राहिल्या. साखर केव्हाच विरघळली होती, तरी चमचा फिरतच होता.

"घ्या, निवेल," एवढंच त्या म्हणाल्या.

दगडाला पाझर फुटेल, हिला नाही. मोजणीदार ताडकन उठला. बाहेर गवंडी हातगाडीवरून विटा उतरवत होता.

"चौकटीला एवढ्या विटा?" त्याने चिडून विचारलं.

"मी आणल्या होत्या बेताच्या," गवंडी म्हणाला. "आजी म्हणाल्या, आणखी आण. फुकटचं मिळालं की म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, साहेब."

तिसऱ्या दिवशी दहाला कमिटीचे तीन साहेब आले. चेअरमन कडक इस्त्रीच्या शर्टात होते. मागे सगळी गल्ली. मोजणीदाराने कुंपणाच्या खुंटीपासून चाक लोटायला सुरुवात केली. टक, टक, टक. मान खाली घालून तो चालत राहिला. चाक अडलं तेव्हा त्याने वर पाहिलं.

समोर भिंत होती. परवा दार होतं तिथे नीट रचलेल्या विटा, सांधे अजून ओले.

"आजी!" चेअरमन किंचाळले. "दार कुठे गेलं?"

आजी बाजूच्या बोळातून हात पुसत आल्या. "ओरडू नका हो. मागून या साहेब. आता घराला तेवढं एकच दार आहे."

चाक बोळात वळलं, पाण्याच्या पिंपाला वळसा घालून मागच्या उंबरठ्याला टेकलं. मोजणीदाराने आकडा तीनदा वाचला, मगच तोंड उघडलं.

"दोनशे नऊ."

साहेबांनी तिथेच सही केली. सगळे पुढच्या बाजूला परतले तरी चेअरमनच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "तुम्ही आमच्या बाजूच्या होतात ना आजी?"

"मी कधी म्हटलं तसं?"

एवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी आतून उघडली. ओट्याशेजारी खुर्चीत, गळ्यापर्यंत चादर ओढून आजोबा बसले होते. त्यांनी गजांतून काठी बाहेर काढली आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे रोखली.

"अहो मोजणीदार," आवाज बारीक होता, पण स्वच्छ. "माझ्या जागेची खुंटी जरा डावीकडे ठोका. तिथे विजेचा खांब आड येतो. पोळ्या लाटताना हिला दिसलो पाहिजे मी."