चेअरमन, पाणी सोड

‘ठणाणा’ हा चार मुलींचा पंक बँड सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करायचा. पहिला कार्यक्रमही तिथेच ठरला, सोसायटीच्या वर्धापनदिनाला. गायिका शाल्मलीनं नेमकं ‘चेअरमन, पाणी सोड’ हेच गाणं निवडलं.

चेअरमन दाबके पहिल्या रांगेत होते. गाणं संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. दाबके उठून माइककडे आले. आता पार्किंग गेलंच, असं समजून ड्रमवरची ऋजुता झांजा सोडवायला लागली.

“चाल चांगली आहे,” दाबके म्हणाले, “पण शब्द चुकलेत. पाणी मी बंद करत नाही, सेक्रेटरी खांबेटे करतात. तेवढी दुरुस्ती करा.”

खांबेटे ताडकन उभे राहिले. “माझं नाव घेतलंत, तर उद्यापासून इथला सराव बंद.”

खांबेटेकाकूंनी नवऱ्याला हाताला धरून खाली बसवलं. “घाल गं नाव,” त्या शाल्मलीला म्हणाल्या. “आमच्या घरी तरी कुठे पाणी येतं?”

गाणं पुन्हा सुरू झालं. या वेळी अख्खी सोसायटी ओरडत होती, काकू सगळ्यात मोठ्यानं. दुसऱ्या कडव्याला खांबेटे उठले आणि मुकाट्यानं पाणी सोडायला गेले.