साथीला धाकटा

"वरच्या सुरांना जरा बिचकतो," थोरला म्हणाला. "पण हात मऊ आहे म्हाताऱ्याचा."

"अगदी माझ्या मनातलं बोललास, दादा," धाकटा म्हणाला.

स्टेशनच्या जिन्याखाली अकॉर्डियनवाला म्हातारा डोळे मिटून वाजवत होता. दोघे भाऊ त्याच्यासमोर पाव तास उभे होते. नव्या गावात उतरलं की सामान हॉटेलात टाकायचं आणि आधी तिथलं वाजणारं-गाणारं कुणीतरी शोधायचं. एक दोष काढायचा, एक गुण सांगायचा. ही वडिलांनी लावलेली सवय. तिच्यापायी त्यांनी बंदरावर करवत वाजवणारा सुतार ऐकला होता, जाळी ओढता ओढता गाणाऱ्या बायका ऐकल्या होत्या, आणि भर बर्फात एकाच तारेवर दिवसभर एकच सूर घासणारा एक आंधळाही.

म्हातारा मात्र थोरल्याने ऐकला नव्हता, नुसता बघितला होता. त्याच्या कानांनी राम म्हटल्याला दोन वर्षं झाली होती. आधी पाखरं गेली, मग दारावरची थाप, मग हातातलं व्हायोलिन. डॉक्टरांनी हात टेकले. त्याने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो वाजवत राहिला. चाळीस वर्षांची बोटं कानाला विचारत बसत नाहीत. तार लावताना तो धाकट्याकडे बघायचा. पियानोवरून धाकट्याने मान हलवली की खुंटी सोडायची. वाजवताना धाकट्याच्या बोटांवर नजर ठेवली की लय हाती लागायची. उरलेलं काम हनुवटीखालचं लाकूड करायचं. ते थरथरलं की बरं वाटायचं.

धाकट्याला हे कळलं असणार, याबद्दल थोरल्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नाहीतर त्याने पियानोचं स्टूल थोरल्याकडे तोंड करून कशाला वळवून घेतलं असतं? हल्ली तो पाठीमागून हाक मारत नसे. बोलायचं झालं की समोर येऊन उभा राहायचा. थोरल्यादेखत फोन घेत नसे. कार्यक्रमात तर डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघत बसायचा. आणि एवढं करून कधी चकार शब्द काढला नाही. असा भाऊ दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं थोरल्याला वाटायचं, आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दौऱ्याची व्यवस्था बघणाऱ्या बाई खोलीत शिरल्या त्या तणतणतच. किल्ली खालून मागून आणावी लागली होती.

"दहा मिनिटं दार बडवतेय! दोघंही कुंभकर्णाची भावंडं!"

धाकटा ओशाळं हसला आणि टॉवेल घेऊन अंघोळीला सटकला. थोरल्याला वाटलं, आपलं बिंग फुटू नये म्हणून यानेही दार उघडलं नाही.

बाईंनी पिशवीतून एक पत्र काढलं. त्या शब्द चावून चावून बोलत, त्यामुळे त्यांचे ओठ वाचायला सोपे होते.

"मोठ्या वाद्यवृंदाचं बोलावणं आलंय त्याला. कायमची नोकरी, राहायला घर. दौऱ्यांची ही वणवण संपेल. आणि हा शहाणा नको म्हणतो! कारण विचारलं तर तोंड शिवल्यासारखा बसतो."

"कधी आलं?"

"महिना झाला. उद्यापर्यंत कळवायचंय." बाईंनी पत्राची घडी घातली. "तुम्हाला लागेल, पण सांगते. मागच्या वर्षी आपल्याला आठशे खुर्च्यांची सभागृहं मिळायची. आजचं दोनशेचं आहे. तुम्हाला सोडवत नाही म्हणून बसलाय तो. तुम्हीच समजवा त्याला."

त्या गेल्यावर थोरला पलंगावर बसून राहिला. आपण भावाच्या गळ्यातला धोंडा झालो, हे त्याला कधीपासून ठाऊक होतं. पण धाकटा त्या धोंड्यासकट बुडायला निघालाय, हे आज कळलं. त्याला रडू आलं. त्याने ते आवरलं नाही. आत अंघोळ करणाऱ्या धाकट्याला ते ऐकू जाईल का, हेही त्याला समजायला मार्ग नव्हता.

संध्याकाळी रंगमंचामागच्या खोलीत दोघेच होते. आरशाभोवती दिवे, कोपऱ्यात एक किटली, भिंती फळ्यांच्या आणि पलीकडे माणसांची ये-जा. बोलायची सोय नव्हती. आपला आवाज किती चढतो याचा थोरल्याला अंदाज राहिला नव्हता. त्याने कार्यक्रमपत्रिका उलटी केली आणि पेन्सिलीने लिहिलं.

"दोन वर्षं झाली, मला काहीही ऐकू येत नाही. तुझ्या बोटांकडे बघून वाजवतो. तुला हे माहीत आहे, हे मला माहीत आहे. तू मला खूप सांभाळलंस. आता पुरे. पत्राला हो म्हण. आजचा आपला शेवटचा कार्यक्रम."

धाकट्याने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याला हायसं वाटेल, निदान तो खोटं खोटं रागावेल, असं थोरल्याने धरलं होतं. पण त्याचा चेहरा पार उतरला.

बाईंनी दारातून पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

धाकट्याने पेन्सिल घेतली. दोन-तीन ओळी लिहायला त्याला फार वेळ लागला. मग कागद थोरल्यासमोर सरकवून त्याने मान खाली घातली.

"मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझे कान तुझ्याआधीच गेले. मी तुझ्या गजाकडे बघून वाजवतो. मला वाटत होतं, दादा, तू ऐकतोयस."