दुसरं कोर्ट

१९७८ साली आमच्या कॉलेजात बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट झालं, आणि दिवाळी सरताच संस्थेचे अध्यक्ष केशवरावांनी त्यावर आपला धान वाळत घातला. इतकं सपाट खळं अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नव्हतं. सामने नेमके त्याच दिवसांत यायचे. मग पोरं धान कापलेल्या शेतात, बांधीतच, सराव करायची. ढेकळांत चेंडू उसळायचा नाही, म्हणून ती तो खाली न टाकता हातोहात फेकायला शिकली.

असं खेळूनच त्यांनी नागपुरात विद्यापीठाचा कप जिंकला! सरकारनं खूश होऊन दुसरं कोर्ट मंजूर केलं.

सत्कारात कप्तान परसरामनं भीत भीत विचारलं, "भाऊसाहेब, आता एक कोर्ट तरी आमाले खेळाले भेटन न जी?"

केशवराव पोराकडे निरखून पाहत हसले. "काहून बाबू, कोर्टावर खेळून हराचं हाय का?"

 

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी परसरामला जावई करून घेतलं, तेव्हापासून दुसऱ्या कोर्टावर परसरामचा धान वाळतो, आणि कोर्ट मागायला आलेल्या नव्या कप्तानाला तोच विचारतो, "काहून बाबू, कोर्टावर खेळून हराचं हाय का?"