बिनपायऱ्यांचं घर

"थोडक्यात गेलं हो," गृहकर्जाच्या कचेरीतली केंद्रा म्हणाली. "काकांच्या पेन्शनपर्यंत सगळं बसत होतं. हे फुप्फुसाच्या भरपाईचे पैसे धरले आणि तुम्ही या सरकारी हमीच्या कर्जाच्या उत्पन्न-मर्यादेच्या वर गेलात."

डेलोरानं मान वळवून सासऱ्याकडे पाहिलं. ओर्बी नाकात ऑक्सिजनची नळी घालून शांत बसला होता. त्याचा उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेला आणि खाण त्याच्या छातीत जाऊन बसली. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, सिगारेटी ओढल्या असतील. त्यानं एकही ओढली नव्हती, तो तंबाखू चघळायचा. नुकसानभरपाईसाठी डेलोराच भांडली. त्याला ट्रकमध्ये घालून डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नेलं, श्वास मोजायच्या नळीत फुंकायला लावलं, वकिलांचं डोकं खाल्लं. निकाल बाजूनं लागला त्या दिवशी ती स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडली होती.

"ते पैसे धरू नकोस मग," ती म्हणाली. "तो काय पगार आहे का?"

"घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं उत्पन्न धरावंच लागतं, ताई. जिथं जिथं वजावट बसते तिथं बसवली मी. आणि सरकारची हमी नसेल तर बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही."

चर्चमागचं जे घर त्यांना घ्यायचं होतं, ते सपाटीवर होतं. आत जायला एकही पायरी नव्हती. आत्ताचं त्यांचं पत्र्याचं घर उतारावर टेकवलेलं होतं. त्याच्या पायऱ्या चढताना ओर्बी मध्येच बसायचा, आणि विचारलं की म्हणायचा, डोंगर बघतोय. नवं घर त्याच्यासाठीच तर शोधलं होतं. आता तोच त्यात बसत नव्हता, याचं डेलोराला हसू यावं की रडू, तेच कळेना.

"मी घरात नसलो तर?" ओर्बीनं विचारलं.

केंद्रा जरा चाचरली. "नसलात तर ताई, तुमचा मुलगा आणि नात, तिघंच उरतात. मग आरामात बसतं."

"बघ," तो सुनेला म्हणाला, "एवढी वर्षं खायला घातलंस मला, आणि मीच आडवा आलो."

"गप्प बसा हो तुम्ही."

"घर विकणारी ती बाई वसंतापर्यंत थांबेल का गं, केंद्रा? विचारून तर बघ. बर्फ वितळलं की मी नसेन घरात."

केंद्राचा चेहरा खुलला. "विचारते की. मग मला फक्त तुमचा नवा पत्ता लागेल, काका."

डेलोराचं डोकं फिरलं. "कसला पत्ता? ओहायोला बहिणीकडे जाताय? ती तुमचं तोंड बघत नाही. आणि तिथं रात्री श्वासाचं मशीन कोण लावणार, तिचं मांजर?"

"ओहायोला कोण जातंय?" ओर्बी थांबला, श्वास जमवला. "मागच्या खेपेला दवाखान्यात तू ट्रक लावायला गेलीस ना, तेव्हा डॉक्टर बोलला माझ्याशी. मीच म्हटलं, सुनेला सांगू नका. ती तुमच्याशीही भांडेल."

"काय बोलला?"

"बोलला ते बोलला. वरच्या टेकडीवर माझी जागा आहे, तुझ्या सासूच्या शेजारी. त्या जागेला कुणाची हमी लागत नाही."

केंद्रानं टाइप करता करता हात मागे घेतले. 

डेलोराला भांडायचं होतं. डॉक्टरशी, कंपनीशी, या पोरीशी, समोरच्या म्हाताऱ्याशी.  तिनं ओर्बीच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, ऑक्सिजनचं नळकांडं उचलून खांद्याला अडकवलं आणि त्याच्या काखेत हात घातला.

"पोरी, ऐक तर," ओर्बी म्हणाला. "घर चांगलं आहे."

डेलोरा केंद्राकडे वळली.

"त्या बाईला काही विचारू नकोस," ती म्हणाली. "विकून टाक म्हणावं, आजच. ज्याला हवं त्याला."